ताईचा चौदा दिवसांचा हिशोब : बारावीच्या वर्षातलं एक प्रकरण

मी हडपसर भागातल्या एका ज्युनिअर कॉलेजला बायोलॉजी शिकवते, दुपारची शिफ्ट. हे प्रकरण 2024-25 च्या बारावी सायन्सच्या बॅचमधल्या एका मुलीचं आहे. तिला आणि घरच्यांना विचारून लिहितेय, नाव-गाव सांगणार नाही. घरात आणि वस्तीवर सगळे तिला ताई म्हणतात, अगदी तिची आजीसुद्धा, म्हणून इथेही ताईच. जरा सविस्तर लिहितेय कारण सुरुवातीला मी स्वतः चुकीचं निदान केलं आणि त्या चुकीत तिचे तीन आठवडे गेले, बारावीच्या वर्षात तीन आठवडे म्हणजे काय ते ज्यांच्या घरात बारावी झालीये त्यांना कळेल.

ताईचं घर पुरंदर तालुक्यात, सासवडच्या पुढे, गावठाणापासून लांब मळ्यात. अडीच एकर जमीन, त्यातलं एक एकर अंजीर, बाकी वाटाणा, बाजरी, ज्वारी आणि गायांपुरता घास-मका. दोन एचएफ (होल्स्टीन जातीच्या) गाया दुधात, एक कालवड. आई-वडील, आजी आणि नववीतला भाऊ. दहावीला 91 टक्के, म्हणून मोठ्या अपेक्षेने पुण्याकडचं कॉलेज घेतलेलं. सकाळी सव्वानऊला घरातून निघायचं, फाट्यापर्यंत चालत, तिथून सासवड, सासवडहून दिवे घाट उतरून हडपसर. एका बाजूला दीड तास धरा, घाटात ट्रक बंद पडला की कितीही. मुलींचा एसटीचा पास मोफत आहे त्यामुळे भाड्याचा प्रश्न नव्हता, वेळेचा होता. संध्याकाळी घरी पोचायला सात वाजायचे.

अकरावीत ती बरी होती. बारावीत जुलैपासून काहीतरी बिनसलं. जुलैच्या सुरुवातीला पालखीमुळे घाट बंद म्हणून दोन दिवस आली नाही, ते सगळ्याच तिकडच्या मुलांचं होतं, पण पुढे ऑगस्ट-सप्टेंबरात अधूनमधून एक-एक दिवस गैरहजर, आणि आली की तिसऱ्या तासाला डोळे मिटलेले. दिवाळीआधी सहामाहीचे पेपर तपासून झाले तेव्हा फिजिक्स 50 पैकी 11, केमिस्ट्री 16, माझ्या विषयात 29. हजेरी 75 टक्क्यांच्या खाली म्हणून घरी पत्र गेलं. स्टाफरूममध्ये जे बोललं जातं ते बोललं गेलं, की मोबाईल हातात आला आणि मुलगी गेली, किंवा शेतकऱ्याची मुलगी आहे, घरचे राबवून घेतात. मला दुसरं खरं वाटलं कारण एकदा मी तिला विचारलं होतं की पहाटे किती वाजता उठतेस, तर म्हणाली पावणेपाचला, गाया असतात ना मॅडम.

मग दिवाळीच्या सुट्टीत स्कूटी काढली आणि तिच्या घरी गेले. माणसं अतिशय चांगली, चहा झाला, फराळ झाला, आजीने ओटीत अंजिराच्या पोळ्या ठेवल्या. आणि मी त्या माऊल्यांना अर्धा तास लेक्चर दिलं. मुलगी बारावीला आहे, तिच्याकडून धारा काढून घेऊ नका, डेअरीला पाठवू नका, तिचा वेळ तिला द्या वगैरे. वडील मान खाली घालून ऐकत होते. एवढंच म्हणाले, "मॅडम, आम्हाला वाटलं तिला तेवढंच बरं वाटतं. उद्यापासून न्हाई पाठवणार." आणि खरंच दुसऱ्या दिवसापासून धार आई काढायला लागली आणि कॅन घेऊन डेअरीला वडील जायला लागले. मी घाट उतरताना अगदी समाधानात होते.

तीन आठवड्यांनी युनिट टेस्ट घेतली. मार्क जवळपास तेवढेच. माझ्या विषयात तर दोन कमी.

तिला लॅबमध्ये थांबवून घेतलं. आधी काही बोलेना. मग म्हणाली मॅडम, डेअरीचं बंद झालं ते बरं नाही झालं. मला वाटलं लाजेखातर बोलतेय. तेव्हा मी जे आधी करायला पाहिजे होतं ते केलं, तिला एक साधी दोनशे पानी वही दिली आणि सांगितलं, चौदा दिवस उठल्यापासून झोपेपर्यंत काय केलं आणि किती वेळ, फक्त लिही, काही बदलू नको, कुणाला दाखवू नको. 25 नोव्हेंबर ते 8 डिसेंबर.

त्या वहीतलं एक पान जसंच्या तसं देते, शुक्रवार, 29 नोव्हेंबर.

"5.10 उठले. 5.30 फिजिक्स घेतलं, करंट इलेक्ट्रिसिटी. 5.45 खालच्या काकू आल्या, शेतावर जाता जाता, लाडकी बहीणचा एकही हप्ता नाही आला, आधार कुठल्या बँकेला जोडलंय ते बघून दे. नेट नाही, टाकीवर चढले. 6.25 परत बसले. 6.40 नाना आले, ज्वारीचा विमा उद्या शेवटची तारीख. सातबारा आणला नव्हता, परत पाठवलं. 7.05 नाना परत आले. 7.50 झालं. आंघोळ, डबा. 9.15 निघाले. 7.10 घरी. 7.45 केमिस्ट्री. 8.05 दादा शेतातून आले, फोन त्यांच्याकडे असतो, म्हणून दोघांचे ओटीपी आत्ताच घ्यावे लागले, नानांच्या मुलाचा पण फॉर्म. 9.40 जेवण. 10.15 केमिस्ट्री. 10.50 झोप आली."

दादा म्हणजे तिचे वडील, त्यांच्याकडे वडिलांना दादा म्हणतात.

चौदा दिवसांची बेरीज आम्ही दोघींनी मिळून केली. प्रवास 38 तास. घरातलं काम, भांडी, झाडलोट 9 तास. अंजीर तोडणी 6, कारण तेव्हा खट्टा बहार, म्हणजे अंजिराचा हिवाळ्यात निघणारा माल, नुकता सुरू झाला होता. घरचा अभ्यास 19 तास. आणि फोनवरची, कागदांची, दुसऱ्यांची कामं 27 तास. अभ्यासाला ती 34 वेळा बसली होती आणि सगळ्यात लांब बैठक 40 मिनिटांची.

म्हणजे कारण गाया नव्हत्याच. स्टाफरूममधला मोबाईलवाला अंदाज एका अर्थाने बरोबर होता, फक्त त्या फोनमध्ये ती काय करत होती हे आमच्यापैकी एकालाही सुचलं नाही.

आता मागे जाऊन जुलै बघा. 2024 च्या जुलैत लाडकी बहीण योजना आली, महिन्याला 1500 रुपये, फॉर्म नारीशक्ती दूत ॲपवरून भरायचे, मुदत आधी 15 जुलै, मग 31 ऑगस्ट, मग आणखी पुढे. वस्तीवर 26 बायका. अंगणवाडीच्या ताई होत्या पण त्यांच्यावर सगळा गाव, आणि सर्व्हर दिवसा उघडायचाच नाही, त्यामुळे रात्री अकरानंतर आमची ताई टाकीवर बसून फॉर्म भरायची. त्याच महिन्यात गाईच्या दुधाला लिटरमागे 5 रुपये अनुदान जाहीर झालं, त्यासाठी गाईच्या कानातल्या बिल्ल्याचा 12 आकडी नंबर, आधार, बँक खातं सगळं जुळायला पाहिजे, एक आकडा चुकला की अनुदान अडकलं. मग एक रुपयातला पीक विमा. मग 1 ऑगस्टपासून ई-पीक पाहणी, म्हणजे शेतात कुठलं पीक आहे त्याची ॲपवरून सातबाऱ्यावर नोंद, त्यात तर घरबसल्या भागतच नाही, ज्या गटाची, म्हणजे जमिनीच्या तुकड्याची, नोंद करायची त्या गटात जाऊन उभं राहायचं, जीपीएस पकडलं पाहिजे, पिकाचा फोटो काढायचा, तोही उजेडात. तिच्या ऑगस्ट-सप्टेंबरातल्या गैरहजेरीचे सात दिवस मी हजेरीवहीवरून आणि तिच्या आठवणीवरून जुळवले, त्यातले पाच दिवस ती कुणाच्या ना कुणाच्या बांधावर फोन वर धरून उभी होती.

हे तिच्याकडेच का आलं? वस्तीवर बारावीपर्यंत पोचलेली आणि घरी राहणारी ती एकटीच. मुलं एक तर कंपनीत शिफ्टला, नाहीतर पुण्यात रूम करून. "ताई शिकलेली हाय, तिला इचारा" हे कौतुकाने म्हणायचे लोक आणि तिलाही त्याचा अभिमान होता, असणारच. पण मला सगळ्यात महत्त्वाची वाटली ती ओटीपीची गोष्ट. घरात स्मार्टफोन एक, नंबर वडिलांचा, तो दिवसभर वडिलांसोबत शेतात. दुसऱ्यांचंही तसंच, नंबर नवऱ्याचा किंवा मुलाचा, तो माणूस संध्याकाळी आठला घरी येणार. म्हणजे सगळ्या वस्तीचे ओटीपी रात्री आठ ते दहामध्येच मिळणार आणि ताईला अभ्यासाला मिळणारे तासही तेच. हे कुणी मुद्दाम केलेलं नाही, कुणाचा दोष काढावा असंही काही नाही, पण त्यात पोरीची रात्र जात होती.

आणि आता माझी चूक. डेअरीला ती पहाटे सायकलवर दोन कॅन अडकवून जायची, दीड किलोमीटर. तिथे रांगेत दहा-पंधरा मिनिटं, दूध ओतायचं, मशीनवर फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) लागलं की पावती घ्यायची. 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफ हा बेस, त्याच्या खाली गेलं की दर कापतात, म्हणून ती रोजची पावती वहीत चिकटवायची आणि दहा दिवसांनी दुधाचा पगार आला की ताडून बघायची. त्या सगळ्या तासाभरात तिला कुणी काही मागत नव्हतं. ओढणीच्या टोकाला चिठ्ठी बांधलेली असायची, त्यावर आदल्या रात्रीच्या रिॲक्शन, जाताना म्हणत जायची, येताना म्हणत यायची. मी तो तास तिला "मोकळा" करून दिला आणि ती पहाटे घरी सापडायला लागली. शेतावर जाणाऱ्या बाया वाटेत थांबायला लागल्या. आधी फक्त रात्र जात होती, आता पहाटही गेली. "डेअरीचं बंद झालं ते बरं नाही झालं" याचा अर्थ हा होता आणि मी तो ऐकून घेतला नव्हता.

पहिला उपाय आम्ही केला तो फसला. मी म्हटलं सरळ नाही म्हण. तिने दोघींना नाही म्हटलं, तर चुलतीने सगळ्यांसमोर सुनावलं, "दोन बुकं जास्त शिकली की माणसं जड व्हतात व्हय गं." ताई त्या दिवशी कॉलेजला आली तर डोळे सुजलेले. आणि तिचंही खरं होतं, म्हणाली मॅडम, मी नाही केलं तर त्या सासवडला सेतूत जाणार, दिवसाचा रोज बुडणार, वर शंभर-दोनशे जाणार. शेजारच्या एका विधवा बाईंचे हप्ते भलत्याच बँकेत पडत होते, आधार जुन्या बंद पडल्यासारख्या खात्याला जोडलेलं होतं, ते शोधायला तिचे तीन दिवस गेले पण पैसे सापडले. असं काम करणाऱ्या मुलीला मी नाही म्हणायला शिकवत होते.

मग परत गेले घरी, यावेळी लेक्चर न देता. वही मधे ठेवली आणि तिला स्वतःलाच बेरीज वाचून दाखवायला सांगितलं. वडील ऐकून बराच वेळ गप्प. "सत्तावीस तास? इतकं व्हय?" आईला माहीत होतं, ती रोज बघत होती, पण लोकांना कसं तोंड द्यायचं म्हणून बोलली नव्हती. तोडगा काढला तो आजीने. आजी म्हणाली, "डॉक्टरचा वार असतो, बाजाराचा वार असतो, मग कागदाचा वार करा की. आयतवार." झालं. गोठ्याच्या दाराच्या फळीवर खडूने भावाने लिहिलं, कागदपत्रं रविवारी 10 ते 1, सातबारा, आधार आणि ज्याच्या नंबरला ओटीपी येतो तो माणूस सोबत आणणे. ही शेवटची ओळ ताईची. त्या एका ओळीने निम्मा वेळ वाचला कारण परत पाठवण्याच्या फेऱ्या बंद झाल्या. बाकीचे सहा दिवस आजी ओट्यावर बसायची, कुणी आलं की म्हणायची ताई अभ्यासाला बसली, आयतवारी ये, बस, च्या घे. आजीला उलटून बोलायची कुणाची टाप नव्हती आणि चहा मिळत असल्यामुळे कुणी रागावूनही जात नव्हतं. मी दहा पुस्तकं वाचून हे काढू शकले नसते.

फोन रात्री भावाकडे. रब्बीची ई-पीक पाहणी 1 डिसेंबरला सुरू झाली होती, ताईने त्याला दोन रविवार शेतात नेऊन शिकवलं. पहिल्या नोंदीत त्याने गव्हाच्या ठिकाणी हरभरा टाकला, दुरुस्त करावं लागलं, पण पुढच्या नीट केल्या. आणि डेअरी ताईला परत मिळाली, तिने मागून घेतली. वडिलांना पटायला वेळ लागला, मॅडमनी नाही सांगितलं होतं ना, मग मी त्यांना समोर बसून सांगितलं की माझं चुकलं होतं.

डिसेंबरच्या मध्यात फार्मर आयडीची, म्हणजे शेतकऱ्याच्या ओळख क्रमांकाची, नोंदणी सुरू झाली आणि एक नवीनच निघालं. अख्ख्या वस्तीचे सातबारे ताईला तोंडपाठ, पण स्वतःच्या घरचा सातबारा अजून वारलेल्या आजोबांच्या नावावर, वारस नोंद राहिलेलीच. पूर्वपरीक्षा तीन आठवड्यांवर आणि ही म्हणते मी करते, मला येतं. इथे मी अडले. म्हटलं हे दादांना करू दे. त्यांना सवय नव्हती, तलाठी कार्यालयात काय बोलायचं इथपासून. ताईने फक्त एका कागदावर लिहून दिलं काय काय न्यायचं, आजोबांचा मृत्यू दाखला, वारसांची नावं, प्रतिज्ञापत्र, आधार. सहा फेऱ्या झाल्या. पण केलं त्यांनी.

अभ्यासाचं म्हणाल तर जादू काही झाली नाही. प्रवास तेवढाच राहिला, थकवा तेवढाच. पण रात्री पावणेआठ ते दहा सलग मिळायला लागले, आणि फिजिक्सला सलग बसल्याशिवाय गत्यंतर नसतं. वर्गात मात्र फरक चटकन दिसला. उजळणीला म्युच्युअलिझम, म्हणजे दोन जीवांचं एकमेकांच्या फायद्याचं सहजीवन, घेत होते, अंजीर आणि त्याच्या आत शिरणारी ती बारीक वास्प (गांधीलमाशीच्या कुळातला कीटक), नेहमीचं उदाहरण. ताईने हात वर केला, मॅडम, आमच्या बागेत मी कधी एकही वास्प नाही बघितली, फळ कसं धरतं? सहा महिन्यांत तिने पहिल्यांदा प्रश्न विचारला होता. मी तो तास त्यावरच घालवला, की आपलं पुणे अंजीर परागीभवनाशिवाय धरतं, रानातल्या उंबराला मात्र वास्प लागतेच, आणि ज्याला आपण फळ म्हणतो तो खरा आत वळलेला फुलोरा आहे. दुसऱ्या दिवशी ती घरून पाच अंजिरं आणि वाटेतल्या उंबराची फळं घेऊन आली, ब्लेडने उभी चिरून आम्ही डिसेक्टिंग मायक्रोस्कोपखाली बघितली. उंबरात वास्प होत्या. अख्खी बॅच वाकून बघत होती. पुरंदरच्या अंजिराला 2016 साली जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालंय हेही तिनेच सांगितलं मुलांना.

बोर्डाची प्रॅक्टिकल 24 जानेवारीपासून होती आणि खट्ट्या बहाराची तोडणी तेव्हा जोरात. अंजीर पहाटेच तोडावं लागतं, ऊन चढलं की मऊ पडतं, आणि देठातून जो चीक निघतो तो बोटांना लागून लागून कातडी सोलते. पानंही खरबरीत, पूर्ण बाह्यांचा शर्ट घातला तरी मनगटं खाजतात. त्या वर्षी वडिलांनी तिला तोडणीला येऊ नको सांगितलं तरी रविवारी ती जायची, कारण मार्केट यार्डाला माल गेला की पट्टी, म्हणजे विक्रीचे पैसे, किती येते त्यावर तिच्या टेस्ट सिरीजचे पैसे होते. प्रॅक्टिकलच्या दिवशी बघितलं तर अंगठा आणि पहिलं बोट चिरलेलं, स्लाइडवर कव्हरस्लिप ठेवताना हात दचकत होता. लॅब असिस्टंट मावशींनी बोटांना खोबरेल लावून दिलं, मग पुसून तिने परत स्लाइड केली. चांगली केली.

पूर्वपरीक्षेत फिजिक्सला 70 पैकी 31, बायोलॉजीला 49. बोर्ड 11 फेब्रुवारीला सुरू झालं, दरवर्षीपेक्षा लवकरच. सीईटीचा पीसीबी (फिजिक्स-केमिस्ट्री-बायोलॉजी) ग्रुप एप्रिलमध्ये, तेव्हा घरी मीठा बहार, म्हणजे अंजिराचा उन्हाळी माल, पण तोडणीला दोन बायका रोजाने लावल्या, त्यातली एक ती चुलती. 5 मे ला निकाल लागला, 600 पैकी 410. दहावीच्या 91 समोर हे कमी वाटेल, तिलाही वाटलं, दोन दिवस फोन उचलला नाही. मला विचाराल तर ऑक्टोबरात फिजिक्समध्ये 11 असलेल्या मुलीचे हे मार्क आहेत, आणि पहिले पाच महिने आम्ही मोठ्यांनी नीट बघितलं असतं तर आणखी झाले असते.

बीएस्सी ॲग्रीला शेतकरी असल्याचा अधिभार, म्हणजे जादा गुण, मिळतो त्याला सातबारा लागतो. एप्रिलमध्ये वारस नोंद मंजूर झाली होती, त्यामुळे त्यावर वडिलांचं नाव होतं. 8 लाखांच्या आत उत्पन्न असेल तर मुलींची फी माफ, हे 2024 पासून झालंय, त्याचा उत्पन्नाचा दाखलाही तहसीलमधून वडिलांनीच आणला. ॲडमिशन झालं, हॉस्टेल मिळालं.

2025 च्या ऑगस्टमध्ये हॉस्टेलला जायच्या आदल्या दिवशी ती माझ्याकडे सीताफळं घेऊन आली होती, बांधावरच्या झाडाची, पहिल्या तोडीची. चहा घेत होतो तेवढ्यात भावाचा फोन. खरिपाची पाहणी चालू होती.

"ताई, नानांच्या गटात लोकेशन पकडत नाही."

"बांधावर उभायस ना? आत जा, मधोमध. फोन वर धर आणि दोन मिनटं थांब. घाई नको करू."

फोन चालूच ठेवून ती बसली. दोन मिनिटांनी पलीकडून आवाज आला, "पकडलं."